पवनचक्कीखाली मेलेली पाखरं शोधताना

पहिल्या आठवड्यात एकही मेलेला पक्षी सापडला नाही आणि मी खूश झालो. ती खुशी एका गुराख्यानं घालवली.

साताऱ्याहून थोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. हिवाळ्यात इथं मध्य आशियाकडून भोवत्या हा शिकारी पक्षी येतो, गवताला जवळजवळ घासत तरंगतो आणि शिकार शोधतो. चक्क्यांमुळे अशा पाहुण्यांचं काय होतं, हे तपासायचं काम आम्हा दोघांकडे होतं. प्रत्येक चक्कीखाली दोऱ्या लावून पट्टे आखायचे आणि मान खाली घालून सावकाश चालायचं. सांगायला सोपं, पण डिसेंबरातलं वाळकं गवत आणि विटकरी पीस यांचा रंग सारखाच असतो.

"मामा, इथं पाखरं मरतात का हो?"

"मरत्यात की. पर तुमी येता धा वाजता. तवर कुत्री ठिवत्यात व्हय?"

मेलेली पाखरं जनावरं किती नेतात आणि शोधणाऱ्याच्या नजरेतून किती सुटतात हे आधी तपासा, असं पद्धतीच्या पुस्तकात लिहिलेलं होतंच, आम्हीच ते पुढं ढकललं होतं. मग एका पोल्ट्रीवाल्याकडून मेलेली पिल्लं आणली. पिवळी चालत नाहीत, ती लांबूनच नजरेत भरतात, म्हणून तपकिरी निवडली. मी ती गुपचूप टाकली, जोडीदारानं शोधली. निम्मीच सापडली त्याला, आणि तो माझ्यापेक्षा तीक्ष्ण नजरेचा! मग रोज सकाळी उरलेली मोजत गेलो. कोल्हा, कुत्रा, मुंगूस, कोणी नेलं कळायचं नाही. दोन पिसं आणि ओली माती एवढंच मागं राहायचं. हिशेब असा: शोधणाऱ्याला निम्मीच दिसतात आणि फेरी होईपर्यंत निम्मीच टिकतात, तर सापडलेल्या एकामागं चार मेलेली धरायची. शून्य सापडलं तर मात्र गुणाकार करून काही हाती लागत नाही. माझ्या पहिल्या आठवड्याचे सगळे कागद बाद झाले.

खरं तर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्प येतच नाहीत, म्हणजे उभारणीआधी अशा पाहणीची सक्ती नाही. इथंही चक्क्या उभ्या राहण्याआधी किती पक्षी यायचे, याची तुलनेला धड नोंद आमच्या हाती नव्हती. याच पठारावरचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा २०१८ चा अभ्यास म्हणूनच मला मोलाचा वाटतो. त्यांनी चक्क्या असलेली आणि नसलेली जागा शेजारी ठेवून पाहिली. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आणि सरडे जास्त निघाले.

उरलेला महिना उंचवट्यावर बसून दुर्बिणीनं काढला. पक्षी दिसला की वेळ, जात, आणि उंची: पात्यांच्या खाली, पाती फिरतात त्या उंचीवर की त्याच्याही वर. वारा असा की वही मांडीखाली दाबून लिहायचं. एका संध्याकाळी भोवत्याची मादी दरीकडून आली, पहिल्या चक्कीच्या बरीच अलीकडे वळली आणि परत गेली. तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. शेऱ्यात लिहिलं, 'आली नाही', आणि वेळ टाकली.