बाप्पा तिरपे का झाले?
गिरगावातल्या आमच्या मंडळाचे जुने व्हिडिओ दाखवणारं छोटं ॲप लिहितोय. डीकोडिंगला, म्हणजे दाबून साठवलेल्या व्हिडिओतून चित्रं परत उलगडायला, एफएफएमपेगचं लिबएव्हीकोडेक ही तयार कोडची लायब्ररी.

१९२० पिक्सेल रुंदीचे व्हिडिओ झकास चालले. ८५४चा लावला आणि बाप्पा तिरपे! दोन रात्री गेल्या. वेगासाठी लायब्ररी मेमरीतली चित्राची प्रत्येक ओळ सोयीच्या आकड्यापर्यंत लांबवते; १९२० आधीच सोयीचा, ८५४ नाही. मी मात्र नुसती रुंदी मोजून पुढच्या ओळीवर उडी मारत होतो. ‘लाइनसाइज’ (लायब्ररी सांगते ती ओळीची मेमरीतली खरी लांबी) वापरल्यावर बाप्पा सरळ. आईला फरक कळलाच नाही, तिला आरती ऐकायची होती.

पण आरतीच्या शेवटच्या काही फ्रेम गायब! डीकोडर त्या पोटात धरून बसला होता. शेवटी ‘आता डेटा संपला’ असं सांगणारं रिकामं पॅकेट पाठवलं, तेव्हा सोडल्या.