गाऱ्हाणे आधी, आरती नंतर

ज्येष्ठ वद्य एकादशीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते. वाट तीस किलोमीटरच्या आसपास, तीत दिवे घाटाची चढण आणि त्यावर उपवास. माणसे चिडायला जे जे लागते ते सारे या एकाच दिवशी जमून येते. वारीत पाऊल टाकले की माणूस आपोआप शांत होतो, हा वारी न केलेल्यांचा समज आहे. टँकरच्या तोटीपाशी हंड्यांवरून वाद होतात, शौचालयाच्या रांगेत आवाज चढतात आणि मुक्कामाला ट्रक कुठे लावायचा यावरून भलेभले हमरीतुमरीवर येतात.

हडपसरला तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरकडे निघते आणि माउलींची दिवे घाटाची वाट धरते, त्यामुळे तिथे गर्दीला पारावार नसतो. त्या गर्दीच्या कडेला एक तरुण स्कूटर घेऊन अडकला होता. हँडलला जेवणाचा डबा लटकत होता, आणि पहाटेपासून उन्हात उभ्या असलेल्या महिला पोलिसावर तो, ‘तुमची भक्ती तुमच्यापाशी, माझी आई दवाखान्यात आहे,’ असे ओरडत होता. चालत्या दिंडीतून कोणी आडवे गेलेले वारकऱ्यांना खपत नाही, म्हणून आमच्या दिंडीतले दोघेतिघे त्याच्यावर उखडले. दिंडीत वीणा धरणारे आमचे विणेकरी मात्र त्याच्याशी काहीच बोलले नाहीत. त्यांनी पुढच्या दिंडीचे शेवटचे टाळकरी पुढे जाऊ दिले, स्वतः जागीच उभे राहिले आणि हाताने वाट दाखवली. दोन दिंड्यांच्या मधल्या त्या फटीतून स्कूटर पलीकडे गेली. त्याने वळून पाहिले नाही, आणि त्याने पाहावे अशी विणेकऱ्यांची अपेक्षाही दिसली नाही. जाताना त्यांनी त्या पोलीसताईंच्या हातात पाण्याची बाटली दिली. ‘ताई, बसून प्या, आम्ही काय पळून जात नाय,’ एवढेच ते म्हणाले.

घाट चढून सासवडच्या अलीकडे पोचलो, तेव्हा रस्त्याच्या कडेला एक आजी पिशवी छातीशी धरून बसलेल्या दिसल्या. त्यांची चुकामूक झाली होती, पण त्या रडत नव्हत्या, भांडत होत्या. चहा विचारला तर, ‘तुमचा चहा घाला चुलीत,’ असे उत्तर आले, आणि एकाने हात धरून उठवायला पाहिले तेव्हा त्यांनी तो झटकून टाकला. अशा वेळी आपण जे हमखास विचारतो, म्हणजे ‘कशा काय चुकलात?’ किंवा ‘फोन जवळ ठेवायचा नाही का?’, ते विणेकऱ्यांनी विचारले नाही. ते त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले, शेंगदाण्याचा लाडू काढून अर्धा स्वतः खाल्ला, उरलेला अर्धा मध्ये ठेवला आणि विचारले, ‘माउली, गाव कोणतं?’ गावावरून पाऊसपाणी निघाले, पाऊसपाण्यावरून पेरणी, आणि पेरणीची चौकशी होता होता लाडू संपला. दिंडीचा नंबर त्यांना आठवत नव्हता. दिंडी पालखीच्या रथामागची आहे आणि ट्रकवर पिवळी ताडपत्री आहे, एवढेच त्या सांगू शकल्या. रथामागे पिवळ्या ताडपत्रीचे ट्रक किती असतील, याचा विचार न केलेला बरा.

संध्याकाळी तळावर समाज आरतीसाठी दिंड्या उभ्या राहिल्या, तेव्हा आजी आमच्यातच होत्या. या आरतीची शिस्त पाहण्यासारखी असते. पालखी तळावर येते, चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतो आणि क्षणापूर्वी कानठळ्या बसवणारे टाळमृदंग थांबतात. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ वाजत राहतात. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो आणि गाऱ्हाणे ऐकून घेतो. हरवले-सापडले यांच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या घोषणा होतात, आणि त्यानंतरच आरती सुरू होते. वारीतल्या सोशिकपणाचे मूळ मला कीर्तनापेक्षा या व्यवस्थेत अधिक दिसते. संध्याकाळी आपले ऐकले जाणार आहे हे ठाऊक असलेला माणूस दुपारचा राग दुपारीच दुसऱ्याच्या डोक्यावर काढत नाही. आपल्याकडच्या कचेऱ्यांत नेमके उलटे घडते. जो सर्वांत त्रासलेला असतो त्यालाच ‘आधी आवाज खाली करा’ असे सांगितले जाते.

आमच्या दिंडीने टाळ चालू ठेवले. चोपदार आले, तेव्हा दिंडीचालक बोलायला पुढे झाले. पण आजींनी त्यांना बाजूला सारले आणि स्वतःच सुरुवात केली. ट्रक ठरल्या जागी नव्हता, पुतण्या पुढे निघून गेला, भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाचे, पैसे मात्र त्याने मोजून घेतले होते, आणि या सगळ्यात त्यांची वळकटी कुणाच्या अंगाखाली गेली असेल ते देवालाच माहीत. पालखी आणि सारा समाज खोळंबलेला असताना चोपदारांनी ते शेवटपर्यंत ऐकले, मध्ये एकदाच गावाचे नाव पुन्हा विचारले, आणि मग घोषणा करवली.

आरती आटोपते न आटोपते तोच पुतण्या धावत आला. आजींनी त्याला सगळ्यांदेखत जे सुनावले ते इथे लिहिण्याजोगे नाही. आमच्यापैकी कोणाचेही आभार न मानता त्या त्याच्यामागून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पालखीचा मुक्काम सासवडलाच असतो. सकाळी त्या आमच्या राहुटीवर हजर झाल्या, गुडघ्यांना लावायला तेल आहे का विचारले आणि बाटली उचलता उचलता कालचा लाडू जरा कडक होता, हेही विणेकऱ्यांना ऐकवून गेल्या.