११३ किलोमीटर, २५ मिनिटं

आजचा दिवस स्वालबार्डच्या, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या बेटांच्या, नकाशावर गेला. लाँगइयरब्येन ते न्यू-ओलेसुन्ड, सरळ रेषेत साधारण ११३ किमी. मोजताना चूक होते ती रेखांशात. दोन्ही गावांत जवळजवळ पावणेचार अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावरचे अंशाला १११ किमी धरून गुणलंत, तर चारशेच्या वर आकडा येतो. पण ७८ अक्षांशापाशी रेखांश इतके जवळ आलेले असतात, की एका अंशाला जेमतेम २२-२३ किमीच उरतात.

गावांमध्ये रस्ता नाहीच. छोटं डॉर्निअर २२८ विमान सुमारे २५ मिनिटं घेतं. (याच जातीची विमानं आपल्याकडे कानपूरला एचएएल बनवते.) ताशी ३७० किमीने हिशेब केला तर १८ मिनिटं येतात, उरलेली चढण्या-उतरण्यात जातात. इतक्या कमी अंतरात पूर्ण वेग फार वेळ मिळतच नाही.

खरी अडचण हवामानाची. धुकं आलं की उड्डाण रद्द, म्हणून परतीच्या पुढच्या विमानाआधी एखादा दिवस मोकळा ठेवाच. शेंगेन व्हिसाही (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, कारण स्वालबार्ड शेंगेनबाहेर आहे, म्हणजे नॉर्वेत परतताना पुन्हा प्रवेश करावा लागतो. आणि न्यू-ओलेसुन्डला उतरण्याआधी फोनचं वायफाय, ब्लूटूथ बंद! तिथल्या रेडिओ दुर्बिणींना त्याचा त्रास होतो.

आपलं 'हिमाद्री' हे आर्क्टिक संशोधन केंद्र २००८ पासून तिथेच आहे, आणि त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोहून. मला याचा फार अभिमान वाटतो.