रायरेश्वरची सोनकी: ओळखायची कशी, लावायची कशी

सोनकीची पिवळी रानफुलं पाहायला सप्टेंबरात रायरेश्वरला जाणार असाल, तर शनिवार-रविवार टाळा. आम्ही मधल्या वारी पहाटेच पुणे सोडलं. कापूरहोळला महामार्गावरून वळलो आणि भोर, आंबवडे, कोर्ले करत केंजळगड-रायरेश्वरच्या खिंडीपर्यंत गाडीनं गेलो. शेवटचा घाट अरुंद आहे. समोरून जीप आली की कुणाला तरी मागे सरकावंच लागतं.

घाटात एका उतारावर पिवळा पट्टा दिसला आणि भाचा ओरडला, “मावशी, सोनकी!” गाडी थांबवून त्याला फूल उलटं करून बघायला लावलं. मागे पाच रुंद हिरवी दलं होती, पाकळ्यांच्या टोकांना तीन दाते होते आणि खालची पानं समोरासमोर. हा कारळा, म्हणजे आपल्या चटणीतला! शेतकऱ्यानं पेरलेलं पीक आहे ते, फोटोसाठी त्यात घुसू नका.

खिंडीपासून पायवाट आहे आणि पुढे लोखंडी शिडी. ती ओली असते, तेव्हा दोन्ही हात मोकळे ठेवा. वर साडेचार हजार फुटांच्या आसपास पठार पसरलंय आणि त्यावर सोनकीच सोनकी. शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. झाड गुडघ्याएवढं, पानं एकाआड एक, कडा दातेरी. फुलाच्या मागे अरुंद दलांची एकच ओळ एकमेकांना चिकटून उभी असते, पेल्यासारखी. ज्याला आपण फूल म्हणतो तो खरं तर पुष्पकांचा, म्हणजे इवल्या इवल्या फुलांचा गुच्छ. कडेला ‘पाकळी’वाली पुष्पकं आणि मधे बारीक नळ्यांची दाटी. कडेच्या पाकळ्या मोजून ओळख पटवायला जाऊ नका, आकडा बदलतो.

पिवळं दिसलं की सोनकी म्हणायची घाई आणखी दोन ठिकाणी नडते. कवला पिवळाच, पण तो वाटाण्याच्या कुळातला. त्याच्या फुलाची ठेवणही तशीच. आणि रस्त्याकडेचा नारिंगी-पिवळा, चिरलेल्या पानांचा कॉसमॉस हा मेक्सिकोकडचा पाहुणा. पुण्याच्या टेकड्यांवर त्यानं बराच उच्छाद मांडलाय. त्याचं बी मात्र कृपा करून कुठेही उधळू नका.

जेवण पठारावरच्या जंगमांच्या घरी होतं. वर पोचल्यावर आधी सांगून ठेवायचं आणि मग फिरायला जायचं. पिठलं-भाकरी झक्कास.

आता लावण्याबद्दल. रोप उपटून आणू नका, ते जगत नाही. कास किंवा राखीव जंगलातून तर बीही उचलू नका. पाऊस सरल्यावर कुणाच्या बांधावर सोनकी दिसली, तर मालकाला विचारून घ्या. गुच्छाचा पांढरा कापूस झाला आणि बोट लावताच बी सुटलं, की ते तयार समजा. कागदी पाकिटात कोरडं ठेवा आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसात पसरट कुंडीत पेरा. तांबडी माती, मुरूम, जाड वाळू आणि नावाला खत. जास्त खत घातलं की नुसता पाला माजतो. बी खोल पुरायचं नाही, वर भुरभुरून तळहातानं दाबायचं. ऊन हवंच, आणि पाणी साचता कामा नये. झाड एका हंगामाचं आहे. पावसाळ्यानंतर वाळलं तर पाणी ओतत बसू नका. माझ्या गच्चीवर ते पठारासारखं गच्च होत नाही, लांबुडकं आणि विरळ वाढतं. सेनेसिओच्या जातींत यकृताला घातक द्रव्यं असतात, म्हणून ताटाच्या सजावटीला किंवा गुरांना नको.

एवढा खटाटोप नको असेल, तर सरळ कारळा लावा. वाण्याकडचं न भाजलेलं बी पटकन उगवतं. बी धरायलाही हवं असेल तर एकच झाड ठेवू नका. कारळ्याला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात आणि ते आणायला मधमाश्या. त्यामुळे कुंडीत दाटीनं पेरा, आणि फुलोऱ्यात असताना गच्चीवर कीटकनाशक फवारू नका.