चोपड्याची जीप : ‘विलीज’ हा निष्कर्ष मागे घेतो आहे

मागच्या नोंदीत मी चोपडा तालुक्यातल्या अडावदजवळ आबांच्या केळीच्या मळ्यातली जुनी जीप ‘विलीज एमबी’, म्हणजे अमेरिकेतल्या विलीज कंपनीने दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनवलेली जीप, असल्याचे छातीठोकपणे लिहिले होते आणि इथल्या मंडळींनी तोंडभरून अभिनंदनही केले होते. ते अभिनंदन कृपया परत घ्यावे. गेल्या रविवारी त्या जीपखाली पुन्हा तासभर पाठीवर पडून राहिलो आणि माझा मुख्य पुरावाच बाद झाला. तो इतक्या हास्यास्पद रीतीने बाद झाला की सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

युद्धकाळात विलीजने साडेतीन लाखांहून अधिक एमबी बनवल्या आणि फोर्डने त्याच आराखड्यावर पावणेतीन लाखांहून अधिक ‘जीपीडब्ल्यू’. युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराने काढून टाकलेल्या सामानाच्या, लिलावांतून त्या आपल्याकडे शेतावर आल्या आणि खानदेशात सगळ्यांचे एकच नाव झाले, विलीज. आबांच्या आरसी बुकातही तेच लिहिलेले असून वर्ष १९४८ आहे. ते अर्थातच नोंदणीचे वर्ष आहे, कारण लष्करी जीपचे उत्पादन १९४५ मध्येच थांबले.

ही लष्करी जीप आहे याबद्दल मला शंका नव्हती आणि आजही नाही. ग्रिल सात फटींची, म्हणजे नंतरच्या कुठल्यातरी सीजेची (नागरी जीपची) आहे, आणि त्यामुळेच पहिल्या भेटीत मी क्षणभर फसलो होतो. लष्करी ग्रिलला नऊ फटी असतात. परंतु मागे फाळका नाही, पेट्रोलच्या टाकीचे झाकण ड्रायव्हरच्या सीटच्या गादीखाली आहे आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्यावर फावडे व कुऱ्हाड बसवण्याचे खोलगट आकार स्पष्ट दिसतात. त्यातल्या कुऱ्हाडीच्या खळग्यात आबांच्या नातवाने गोट्या साठवल्या आहेत. मूळचे २१९९ सीसीचे साठ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन केव्हाच भंगारात गेले आणि त्या जागी मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसले, त्यामुळे इंजिन क्रमांकाचा उपयोग शून्य.

प्रश्न उरला तो एमबी की जीपीडब्ल्यू एवढाच. त्याची सर्वांत सोपी कसोटी आपणा सर्वांना पाठ आहे: रेडिएटरखालचा चॅसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, उलट्या ‘यू’ आकाराच्या पत्र्याचा असेल तर फोर्ड. पहिल्या वेळी मी बॅटरीच्या उजेडात हात घालून चाचपले, गोल लागले, आणि आनंदाच्या भरात घरी येऊन तसे लिहून टाकले. आपल्याकडे चॅसिसला गंज चढू नये म्हणून दरवर्षी जळके ऑइल फासतात. त्यावर काळ्या मातीचे थर बसत जातात आणि वीस-तीस वर्षांत त्याचे गिलाव्यासारखे कवच तयार होते. मी चाचपले ते हे कवच होते, दांडा नव्हे.

या वेळी रॉकेल, पितळी तारांचा ब्रश आणि बोथट पटाशी घेऊन गेलो. (पोलादी ब्रश कोणी वापरू नये, खालच्या खुणा घासून जातात. चिनी बनावटीचा जो लवचीक मानेचा कॅमेरा मी मोठ्या हौसेने मागवला होता, त्यात राखाडी धुक्याशिवाय काही दिसत नाही. भांडी दुकानातला दहा रुपयांचा गोल आरसा सरस ठरला.) अर्ध्या तासात टोकाकडचे कवच निघाले. दांडा गोलच होता. क्षणभर जीव भांड्यात पडला. मग आणखी चार बोटे जागा साफ केली आणि आरशात दांड्याच्या टोकावर चक्क आटे दिसले. पाण्याच्या पाइपाला कपलिंग बसवण्यासाठी पाडतात तसले आटे! त्याखाली जस्ताची फिकट चमकही होती. एखाद्या अपघातानंतर गावातल्या वेल्डरने मूळ दांडा कापून त्या जागी ट्यूबवेलचा पाइप जोडला होता आणि मी त्या पाइपाच्या जोरावर अमेरिकेतला कारखाना ठरवून मोकळा झालो होतो.

मी खालूनच कपाळावर हात मारला. आबा बाजेवर बसून हे सारे पाहत होते. त्यांनी शांतपणे विचारले, “काय देखी ऱ्हायना भाऊ इतला येळ?” मी पाइपाचे सांगितले. त्यावर ते म्हणाले की तो पाइप त्यांच्या वडिलांनीच दिला होता, उरलेला तुकडा गोठ्याच्या दाराला लावला आहे, आणि मी पहिल्याच दिवशी विचारले असते तर त्यांनी लगेच सांगितले असते.

मग उरलेल्या खुणा तपासल्या. १९४२ च्या मध्यापर्यंत मागच्या पत्र्यावर डाव्या बाजूला कंपनीचे नाव ठसठशीत उठवलेले असे. इथे नेमके त्याच जागी ठिगळ आहे. एमबीची क्रमांकाची पट्टी पुढच्या बंपरच्या लगेच मागे, चॅसिसच्या डाव्या रेलच्या (लांब उभ्या तुळईच्या) आतल्या अंगाला रिव्हेटने ठोकलेली असते. इथे पट्टीही नाही आणि रिव्हेटची छिद्रेही नाहीत, मात्र रेलची टोकेही त्याच वेल्डरने पत्रे लावून मजबूत केलेली असल्यामुळे या अभावावरून काहीच सिद्ध होत नाही. दोन बोल्टांच्या डोक्यांवर फोर्डचा ‘एफ’ सापडला. तोही मी पुरावा मानत नाही, कारण तसे बोल्ट आता नव्याने बनवून विकले जातात आणि शिवाय बोल्ट एका जीपचे दुसरीला लागत आलेले आहेत.

जीपीडब्ल्यूचा क्रमांक डाव्या रेलच्या वरच्या पृष्ठभागावर, इंजिनचे माउंटिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा ब्रॅकेट यांच्या दरम्यान ठोकलेला असतो. ती जागा साफ केली, तर रंगाचे तीन-चार थर आणि त्याखाली काहीतरी ओबडधोबड. रंग काढण्याचे रसायन लावावे म्हणून मी बाटली उघडणारच होतो, तेवढ्यात जळगावला आरटीओ कार्यालयाबाहेर बसणारे एजंट आठवले. ते चॅसिस क्रमांकावर पेन्सिल घासतात, वर सेलोटेप दाबतात आणि तो ठसा उचलून अर्जावर चिकटवतात. मी हेच केले. पहिल्या दोन पट्ट्यांवर नुसता काळा डाग आला. तिसरीच्या वेळी पेन्सिल आडवी धरून अगदी हलक्या हाताने फिरवली आणि पट्टी केळीच्या पानावर उताणी ठेवली. त्यावर ‘जी’ पुसट होता, ‘पी’ अर्धा होता, पण ‘डब्ल्यू’ मात्र चारही रेघांनिशी उठला होता. पुढचे तीन आकडे वाचता येतात, बाकीचे रंगाखाली आहेत.

तेव्हा चॅसिस फोर्डची आहे, हे आता मी पट्टी हातात घेऊन म्हणतो. बॉडीबद्दल मात्र काहीही म्हणत नाही. हे लिहिता लिहिताच लक्षात येते आहे की ग्रिल एका गाडीची, चॅसिस दुसरीची, तर बॉडी तिसरीची का नसावी? मागच्या ठिगळाच्या आतल्या बाजूने, डाव्या चाकावरच्या पेटीत हात घालून उठावाच्या अक्षरांची पाठ चाचपता येईल. हे रविवारीच सुचायला हवे होते.

आबांनी विंटेज गाड्यांना मिळणाऱ्या ‘व्हीए’ मालिकेच्या नंबर प्लेटबद्दलही विचारले. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ती मिळू शकते, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे चालते. परंतु अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर वापरता येत नाही. जी जीप रोज केळीचे घड रस्त्यापर्यंत आणते तिला हा मान देऊन काय करायचे, असे माझे मत आहे आणि मी ते त्यांना सांगितले.

येताना वाट वाकडी करून अमळनेरला गेलो, त्याचे फळ मिळाले. बाजारात एक डुक्कर फियाट उभी होती, म्हणजे १९५४ पासून कुर्ल्याला जुळणी झालेली फियाट अकराशे. मधल्या खांबावर पुढचे आणि मागचे अशी दोन्ही दारे टांगलेली असल्यामुळे पुढच्या सीटवरून उतरणाऱ्या आजींना दाराला वळसा न घालता सरळ पदपथावर पाय ठेवता आला. पदर सावरत त्या ज्या ऐटीने उतरल्या, ते पाहून फोटो काढायचे भान राहिले नाही. चाळीसगावजवळ बसमधून दिसलेली स्टँडर्ड हेराल्ड मी मोजत नाही, कारण ती धावत्या बसमधून दिसली.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत वाहनतळावर दिवसभर ठाण मांडण्याचा बेत होता, कारण घोडे पाहायला येणाऱ्या शौकिनांकडे जुन्या गाड्याही असतात. तो बेत आता अर्ध्या दिवसावर आणला आहे. सकाळी यात्रा, आणि दुपारी थेट अडावद. या वेळी रंगाचे रसायन, सेलोटेपची दोन रिळे आणि मऊ शिशाच्या पेन्सिली बरोबर असतील. कोणाकडे जीपीडब्ल्यूच्या ठोकलेल्या क्रमांकाचा स्वच्छ फोटो असेल तर त्यातल्या आकड्यांची वळणे पाहायला मिळावीत. माझा तिसरा आकडा तीन आहे की आठ, यावर घरात दोन तट पडले आहेत.