टोकियोहून एका दिवसात बर्फावर: दुसऱ्या हिवाळ्यातली तिसरी फेरी

गाला युझावा या स्की रिसॉर्टचा 'फाल्कन' उतार मी स्कीवर वरून पायथ्यापर्यंत उतरले. अडीच किलोमीटर, नऊ वेळा थांबून, एकदाही न पडता. नोव्हेंबरात वहीत या हिवाळ्याचं एवढंच उद्दिष्ट लिहिलं होतं. ते जानेवारीतच पुरं झालं, म्हणून आजची नोंद जरा लांबणार आहे.

आधी मागच्या दोन फेऱ्यांबद्दल थोडं. पहिली फेरी डिसेंबरच्या सुरुवातीला, कारुइझावाला. होकुरिकू शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तासा-सव्वातासाचा प्रवास, आणि स्टेशनाच्या दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की उतार चालत गाठता येतात. बर्फ बहुतेक यंत्राने केलेला, उतार सौम्य, समोर आसामा ज्वालामुखी. उन्हाळाभर विसरलेले पाय परत जागे करायला याहून चांगली जागा टोकियोजवळ मला माहीत नाही. दुसरी फेरी डिसेंबरअखेर, गालाला. फाल्कन बंद होता. खाली पुरेसा बर्फच पडला नव्हता, त्यामुळे जातानाही गोंडोला (तारेवरून डोंगरावर नेणारा बंद पाळणा) आणि येतानाही गोंडोला. लेकीचे हातमोजे अकरा वाजेपर्यंत आतून ओलेचिंब झाले. पाणी अजिबात आत जाणार नाही असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. दहा वर्षांच्या पोरीची बोटं लाल झालेली बघून मी दीड वाजताच सामान आवरलं. तेव्हापासून पिशवीत प्रत्येकीचा हातमोज्यांचा दुसरा जोड असतोच.

आता तिसरी फेरी. खरं सांगायचं तर ती बुधवारी रात्रीच ठरली, हवामानाचा नकाशा बघून.

डिसेंबर ते फेब्रुवारी टोकियोचं आभाळ निळंशार असतं, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत खडखडीत होतात. त्या आभाळाकडे बघून डोंगरातल्या बर्फाचा अंदाज बांधू नका. सैबेरियाचं थंड वारं जपानच्या समुद्रावरून येतं, खाली उष्ण प्रवाह असल्यामुळे भरपूर वाफ उचलतं, आणि ते ढग निइगाताच्या डोंगरांना धडकून सगळा बर्फ तिकडेच ओततात. डोंगरांच्या या बाजूला टोकियोच्या मैदानात उतरतं ते नुसतं कोरडं वारं. माझं माहेर साताऱ्याचं. महाबळेश्वरात धो धो पाऊस चालू आणि त्याच जिल्ह्यात म्हसवडकडे प्यायच्या पाण्याला टँकर, हे लहानपणापासून बघत आले. इथे पावसाच्या जागी बर्फ, बाकी कारण तेच.

म्हणून मी नकाशात एवढंच बघते: पश्चिमेला जास्त दाब, पूर्वेला कमी, आणि जपानवर समदाब रेषा (हवेचा सारखा दाब असलेल्या जागा जोडणाऱ्या) उभ्या, एकमेकींना खेटून. अशा रेषा आल्या की पलीकडे बर्फ नक्की. पण ऐन त्याच दिवशी जायचं नाही, कारण रेषा फार दाटल्या की वारा सुटतो आणि गोंडोला थांबू शकतो. गुरुवार-शुक्रवार रेषा दाट, शनिवारी सैल, असं बुधवारी रात्री दिसलं आणि मी शनिवारची तिकिटं काढली. राखीव जागांची विक्री महिनाभर आधी सकाळी दहाला सुरू होते, सुट्टीच्या दिवसांना ती तेव्हाच घ्यावी हे बरोबर. पण मला चांगला बर्फ जास्त प्यारा आहे, त्यासाठी बिनराखीव डब्याच्या रांगेत अर्धा तास आधी उभं राहायची माझी तयारी असते.

निशी-कासाईहून पहाटेची तोझाई लाइनची मेट्रो, ओतेमाचीला उतरून भुयारी वाटेने टोकियो स्टेशन, तिथून जोएत्सु शिन्कान्सेनची 'तानिगावा'. गाडी थेट गालापर्यंत जाणारी आहे ना, हे बघून घ्या, कारण बऱ्याच गाड्या एचिगो-युझावालाच थांबतात. तिथून गाला १.८ किलोमीटरवर आहे, बसही मिळते, पण सकाळची ती पंधरा-वीस मिनिटं फार मोलाची असतात.

ताकासाकी गेलं की बाहेर वाळलेलं गवत, पिवळं ऊन. मग दाइशिमिझु बोगदा, २२ किलोमीटरचा, १९८२ साली ही लाइन सुरू झाली तेव्हापासूनचा. पाच-सहा मिनिटं काळोख, आणि बाहेर पडताच छपरांवर माणूसभर बर्फ. लहानपणी कसाऱ्याचा बोगदा आला की आम्ही भावंडं खिडकीला नाक लावायचो. लेक आता तसंच करते. या वेळी बोगदा संपताच म्हणाली, "आई, तुझा नकाशा बरोबर होता!"

एकाच दिवसाच्या सहलीत बर्फावरचे तास जेमतेम सहा मिळतात, आणि माझं सगळं नियोजन त्या सहा तासांभोवती असतं. गालाचा मोठा फायदा हा की १९९० मध्ये स्टेशन आणि स्की रिसॉर्टची इमारत एकत्रच बांधली. फलाटावरून जिना चढलात की तिकीट खिडकी, भाड्याचं सामान, कपाटं, गोंडोला, सगळं एका छपराखाली. तरी शनिवारी भाड्याच्या सामानाची रांग मोठी असतेच. म्हणून यंदा मी फक्त बूट विकत घेतले. स्की अजून भाड्याच्याच, आणि आपल्यासारख्या शिकाऊ लोकांनी हाच क्रम ठेवावा असं माझं ठाम मत आहे. बूट पायाला नेमके बसले नाहीत तर पायाने केलेली खूण स्कीपर्यंत पोहोचतच नाही. मोजा एकच आणि पातळ घाला. थंडीच्या भीतीने मागच्या वर्षी मी दोन जाड मोजे चढवायची. त्याने रक्त अडतं आणि बोटं उलट जास्त गारठतात.

आठच्या सुमारास गोंडोला, वर ८०० मीटरवर पहिलं पाऊल. बर्फ नवा होता, पण निइगाताचा बर्फ समुद्राजवळचा, जड. मुठीत दाबला की गोळा होतो. पहिला तास ओळखीच्या सोप्या उतारावर घालवला.

या हिवाळ्यात अडले होते ते बोगेनपाशी. टाचा बाहेर, टोकं आत, असा पाचरीसारखा आकार करून वेग आवरायचा, त्याला इथे जर्मन शब्दावरून बोगेन म्हणतात. ते मला जमतं. त्यातून बाहेर पडून दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं जमत नव्हतं. वळताना मी नकळत डोंगराकडे कलायची, आणि भार आतल्या पायावर जायचा. मागच्या फेरीत लिफ्टच्या रांगेत एक वयस्कर जपानी बाई भेटल्या होत्या. त्यांनी आपल्या नडगीवर थाप मारून दाखवलं आणि बुटाच्या जिभेकडे बोट केलं. नडगी जिभेवर दाबलेली हवी, वळण पुरं होईपर्यंत. या वेळी दर वळणाला मनात एकच शब्द म्हटला: नडगी. डावीकडे वळताना उजवी, उजवीकडे वळताना डावी. साडेदहाच्या सुमारास एका वळणावर आतली स्की आपसूक सरकत बाहेरचीच्या शेजारी आली. खर्र आवाज थांबून नुसता बारीक सर्र आवाज झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पुढच्या दहा वळणांत तीनदा जमलं, दुपारपर्यंत निम्म्या वेळा.

जेवण अकराला. बारानंतर बसायला जागा मिळत नाही. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि संक्रांतीच्या गुळपोळ्या नेल्या होत्या. थंडीत साध्या पोळ्या कडक होतात, दुधातल्या दशम्या मऊ राहतात. त्या फडक्यात गुंडाळून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवल्या होत्या, त्यामुळे अंगाच्या उबेने कोमटच होत्या. जाता जाता: १२ जानेवारी हा जपानात स्कीचा दिवस आहे. १९११ साली त्या दिवशी थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्याने याच निइगातातल्या ताकादामध्ये सैनिकांना स्की शिकवायला सुरुवात केली. त्याच प्रांतात, त्याच आठवड्यात आपलं वळण जमलं याचं मला अप्रूप वाटलं.

फाल्कनला दीड वाजता निघालो. मुद्दामच. उशीर झाला की परतणाऱ्यांची गर्दी उतरते, बर्फ खरवडला जाऊन ढिगारे होतात, आणि दमलेल्या पायांनी ते पेलणं अवघड. वरचा भाग रुंद आहे, तिथे समांतर वळणं केली. मध्ये अरुंद, तीव्र टप्पा आला तेव्हा सरळ बोगेनवर आले. दर थांब्यावर लेक पुढे थांबून हात वर करायची. शेवटच्या वळणावर स्टेशनाची इमारत दिसली आणि मांड्या थरथरत असतानाच मी मोठ्याने ओरडले.

परतीला एचिगो-युझावाला उतरलो. रस्त्यांवर बर्फ साचू नये म्हणून तिथे रस्त्याच्या मधल्या नळ्यांमधून भूजलाचे फवारे चालू असतात, आणि त्यातल्या लोहामुळे डांबर तांबूस झालेलं दिसतं. स्टेशनातल्या दुकानात उओनुमाच्या कोशिहिकारी तांदळाचा भलामोठा भाताचा गोळा मिळतो, तो दोघींत एक घेतला. आपल्या आंबेमोहोरासारखा वास नाही, पण चव गोड आणि दाण्याला लकाकी.

पुढची फेरी मार्चअखेर कागुरा स्की रिसॉर्टला. तिथला हंगाम मेपर्यंत चालतो, त्यामुळे घाई नाही. युझावाहून बस आहे, म्हणजे सकाळचा तासभर तरी कमी होणार, आणि तो भरून काढायला आदल्या रात्री तिथेच मुक्काम करावा का यावर घरात चर्चा चालू आहे. तुमच्यापैकी कुणी मार्चमध्ये पहिली बस पकडून गेलं असेल तर वर पोहोचायला किती वाजले तेवढं कळवा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते दाराशी वाळत ठेवले आहेत. आतली अस्तरं उद्या काढेन.