दाराशी बसणारी माणसं

कृष्णाकाठच्या एका गावासाठी आम्ही उभयचर समाजमंदिर करतोय. एरवी जोत्यावर बसलेलं, पूर आला की तळाच्या बॅरलांवर वर उचललं जाणारं. चार कोपऱ्यांत रोवलेल्या लोखंडी पाइपांवरून ते सरळ वर-खाली सरकतं, त्यामुळे वाहून जात नाही. आपला पूर याला सोयीचा. डोंगरातल्या ओढ्यासारखा अंगावर येत नाही. सावकाश चढतो आणि दिवसचे दिवस मुक्काम करतो. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45.

गेल्या महिन्यात शेततळ्यात चाचणी घेतली. सहा बाय चार मीटरचा तराफा, खाली 200 लिटरचे 36 बॅरल. वर वाळूची 40 पोती सारखी पसरली आणि तळ्यात पाणी भरायला मोटर चालू केली. तराफा इतका अलगद उचलला की फळीवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा सांडलं नाही. निधी देणाऱ्या कार्यालयातले साहेब तेवढं बघून, फोटो काढून निघाले. माणसं चढायच्या आत निघून जाणं मला अजून पटलेलं नाही.

मग पोती उतरवून, लाइफ जॅकेट घालून गावातली अठरा माणसं चढवली. मी सगळ्यांना मधे बसवत होतो.

"सायेब, पुरात असं मधी कोन बसतंय?" एक मावशी म्हणाल्या. "समदी दाराशी असत्यात. पानी कुठवर आलं बघाय."

"मग तसंच बसा, मावशी."

अठराही जण दाराच्या बाजूला सरकले आणि तो काठ जवळजवळ वीतभर खाली गेला. पाइपभोवतीची कॉलर, म्हणजे तराफ्याचं पाइपावरून सरकणारं कडं, फूटभर उंच; पाइप आणि कॉलरमधली मोकळीक सगळी मिळून 20 मिलिमीटर. त्या कलाला 23 लागत होते. कर्रकन आवाज झाला आणि कॉलरने पाइप धरला. पाणी चढत होतं, कोपरा मात्र जागचा हलेना. मी मोटर बंद करायला ओरडलो. तराफ्यावर कुणी ओरडलं नाही. सगळे एकमेकांचे दंड धरून बसले होते. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, ते इथे कुणी विसरलेलं नाही.

माझ्या गणितात माणसं म्हणजे चौरस मीटरला अमुक किलो, सगळीकडे सारखी. ऑफिसातल्या ज्युनिअर मुलीने एकाच बाजूच्या भाराचं गणित आधीच मांडलं होतं. ते मी 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवलं. चूक माझी.

आता कॉलरऐवजी रोलर घेतलेत, दाराकडे बॅरल वाढवलेत. पण माणसं दाराशी जाणारच, कारण त्यांना पाणी बघायचं असतं. म्हणून जमिनीत रोवलेला पाचवा पाइप सभागृहाच्या मधोमध आणलाय. त्यावर फुटांच्या खुणा, आणि 2005, 2019, 2021 च्या रेघा. इमारत चढेल तशा खुणा फरशीखाली जात राहतील, पूर कुठवर आला ते बसल्या जागी कळेल.

मावशींना नकाशा दाखवायला गेलो. बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "रातीला दिसंल का? लाइट तर पयल्यांदा जाती."

त्या पाइपापाशी बॅटरीवरचा दिवा कुठे बसवायचा, ते सध्या काढतोय.